कपॅसिटरला साधा कॉन्टॅक्टर चालतो का? माझं उत्तर ‘नाही’, आणि त्याचं कारण



आजचा विषय वायरमनचा वाटेल, पण तो मालकाचा आहे. म्हणूनच यावर लिहितोय. उद्या तुम्ही युनिट टाकणार, पॅनलचं कोटेशन तुमच्या हातात येणार, आणि त्यावर सही तुमची होणार. त्या कोटेशनमध्ये एक ओळ असते: ‘एपीएफसी पॅनल, 1 नग’. सगळा खेळ त्या एका ओळीत लपलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एपीएफसी पॅनलमध्ये कपॅसिटर चालू-बंद करायला कपॅसिटर ड्युटी कॉन्टॅक्टरच पाहिजे. मोटरसाठी बनलेला साधा कॉन्टॅक्टर तिथे बसवून पैसे वाचत नाहीत, ते फक्त बिलाच्या दुसऱ्या रकान्यात जातात. आणि हे तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी स्वतः बीबीए केलंय. डब्यावरची अक्षरं वाचता आली तरी पुरे.

आधी हे बघू, की कपॅसिटर लागतो कशाला

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नवीन युनिट म्हणजे बहुतेक वेळा शेतमालाचंच काहीतरी. कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, तुरीची-हरभऱ्याची दालमिल, सोयाबीन नाहीतर सरकीचं तेल, पशुखाद्य. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे: मोटरा. आणि मोटर दोन प्रकारचा करंट घेते. एक, प्रत्यक्ष काम करायला. दुसरा, स्वतःच्या आत चुंबकत्व तयार करायला. दुसऱ्या करंटने पोतंभर डाळही निघत नाही, पण तो वायरमधून, ट्रान्सफॉर्मरमधून वाहतोच. कपॅसिटर हा दुसरा करंट जागेवरच पुरवतो, म्हणून तो बाहेरून ओढावा लागत नाही.

एक हिशेब करू. समजा तुमच्या युनिटचं चालू लोड 150 किलोवॅट आहे आणि पॉवर फॅक्टर 0.75. म्हणजे तुम्ही लाइनवरून 200 केव्हीए ओढताय. त्यात 100 केव्हीएआरचे कपॅसिटर लावले तर पॉवर फॅक्टर साधारण 0.98 वर जातो आणि केव्हीए येतो 153 वर. काम तेवढंच, डाळ तेवढीच, पण तासाला 47 केव्हीएएच कमी.

हे आता जास्त महत्त्वाचं का? कारण महाराष्ट्रात 1 एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच वर निघतं. आधी युनिट केडब्ल्यूएचमध्ये मोजायचे आणि पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सूट वेगळी लावायचे. आता पॉवर फॅक्टर खराब असला की मोजलेली युनिटंच वाढतात. वेगळा दंड दिसत नाही, म्हणून नवीन मालकाला कळतही नाही की पैसे कुठून जातायत. लघुदाबावर असाल तर तुमच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशेब कसा केलाय, ते ओळ शोधून वाचा.

आणखी एक गोष्ट, जी फार लोक सांगत नाहीत. केव्हीएएच मोजताना लॅग आणि लीड दोन्ही धरतात. म्हणजे कपॅसिटर कमी पडला तरी बिल वाढतं, आणि गरज नसताना चालू राहिला तरी वाढतं. म्हणून तर एपीएफसी पॅनल लागतो. त्यातला कंट्रोलर बघतो की लोड किती आहे, आणि त्याप्रमाणे एकेक स्टेप टाकतो किंवा काढतो. 100 केव्हीएआरचं पॅनल असेल तर समजा 5, 10, 10, 25, 25 आणि 25 अशा सहा स्टेप. प्रत्येक स्टेपला एक कॉन्टॅक्टर. कंट्रोलर नुसता हुकूम देतो, प्रत्यक्ष काम करतो तो कॉन्टॅक्टर.

मग मोटरचा कॉन्टॅक्टर इथे का टिकत नाही?

मोटर चालू होताना सहा ते आठ पट करंट घेते, हे तुम्ही ऐकलंच असेल. तो काही सेकंद चालतो आणि मोटर वेगात आली की खाली येतो. साधा कॉन्टॅक्टर याच हिशेबाने बनवलेला असतो. त्याच्यावर ‘एसी-3’ असं लिहिलेलं दिसेल. एसी-3 म्हणजे मोटरचं काम. या वर्गाची चाचणी घेताना त्याने रेटिंगच्या दहा पट करंटवर जोडणी करून दाखवायची असते. म्हणजे 40 अँपिअरचा कॉन्टॅक्टर 400 अँपिअरचा झटका झेलू शकतो. मोटरसाठी हे भरपूर झालं.

कपॅसिटरचं गणित वेगळं आहे. रिकामा कपॅसिटर लाइनवर टाकला की पहिल्या क्षणाला तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. 415 व्होल्टवर 25 केव्हीएआरच्या कपॅसिटरचा नेहमीचा करंट साधारण 35 अँपिअर. पण एकटा कपॅसिटर टाकला तरी पहिला झटका 30 पटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे हजार अँपिअरच्या आसपास.

पॅनलमध्ये तर तो एकटाही नसतो. शेजारचे कपॅसिटर आधीच चालू आणि भरलेले असतात. शेतातल्या टाक्यांचं उदाहरण घ्या. तीन टाक्या काठोकाठ भरल्यात, चौथी रिकामी आहे, आणि मधला मोठा व्हॉल्व तुम्ही एकदम उघडला. मोटरने किती पाणी येतंय याचा प्रश्नच नाही, तिन्ही टाक्यांचं पाणी एकदम चौथीत धावणार. इथेही तसंच होतं. लाइनकडून येणाऱ्या करंटला वाटेत ट्रान्सफॉर्मर आणि लांब केबल तरी आडवी येते. शेजारच्या कपॅसिटरकडून येणाऱ्या करंटला हातभर बसबार सोडला तर काहीच आडवं नाही. म्हणून हा झटका 100 पट आणि त्याच्याही वर जातो. आपल्या 35 अँपिअरच्या स्टेपला साडेतीन हजार अँपिअर. टिकतो काही मिलिसेकंदच, पण नेमका त्याच क्षणी टिकतो जेव्हा कॉन्टॅक्टरचे पॉइंट एकमेकांना नुकते टेकत असतात. टेकताना पॉइंट थोडे उसळतात, ठिणगी पडते, धातू वितळतो, आणि पॉइंट चिकटतात.

हे पहिल्या दिवशी होईलच असं नाही. म्हणूनच फसगत होते. पॅनल बसवून देणारा चालवून दाखवतो, सगळ्या स्टेप खटाखट पडतात, मालक खुश. पण समजा एक स्टेप दिवसाला वीस वेळा चालू-बंद झाली, तर सहा महिन्यांच्या सीझनमध्ये साडेतीन हजार झटके झाले. प्रत्येक झटक्यात पॉइंट थोडा थोडा खराब होतो.

कपॅसिटर ड्युटी कॉन्टॅक्टर काय वेगळं करतो?

तो मोठा व्हॉल्व उघडायच्या आधी बारीक व्हॉल्व उघडतो. एवढंच. पण तेवढ्याने सगळा फरक पडतो.

या कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर एक जादा ब्लॉक असतो. त्यात आधी जुळणारे पॉइंट असतात आणि त्यांच्यासोबत रेझिस्टन्स वायर. बहुतेक कंपन्यांच्या मालात या वायरची वेटोळी बाहेरून दिसतात. कॉइलला सप्लाय मिळाला की आधी हे पॉइंट जुळतात, करंट रेझिस्टन्समधून दबकत दबकत कपॅसिटरमध्ये जातो, कपॅसिटर बऱ्यापैकी भरतो. त्यानंतर काही मिलिसेकंदांनी मुख्य पॉइंट जुळतात आणि नेहमीचा करंट त्यांच्यातून चालू होतो. रेझिस्टन्सचं काम संपलं. तोवर झटक्याचा जोरही गेलेला असतो.

अशा कॉन्टॅक्टरवर ‘एसी-6बी’ असा वर्ग लिहिलेला असतो. ही नावं आयएस/आयईसी 60947-4-1 या मानकातली आहेत, कंपनीच्या मनातली नाहीत. आणि त्याचं रेटिंग नुसतं अँपिअरमध्ये नाही, केव्हीएआरमध्ये दिलेलं असतं: ‘415 व्होल्टला 25 केव्हीएआर’ अशा पद्धतीने. तेव्हा ओळखायच्या खुणा तीन: एसी-6बी, केव्हीएआर, आणि डोक्यावरची वेटोळी. पॅनलचं दार उघडून मोबाइलच्या टॉर्चवरही हे दिसतं. फक्त सप्लाय चालू असताना हात आत घालू नका.

“पण आम्ही तर मोठा कॉन्टॅक्टर टाकतो ना!”

हा युक्तिवाद तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. “भाऊ, 35 अँपिअरच्या जागी 70 चा टाकून देतो, काही होत नाही.” ऐकायला बरं वाटतं. पण विचार करा. मोठा कॉन्टॅक्टर चिकटायला थोडा उशीर लावेल, हे खरं. झटका मात्र तेवढाच राहिला. तो झटका कॉन्टॅक्टरसोबत कपॅसिटरही खातो, फ्यूजही खातो. म्हणजे तुम्ही रोग तसाच ठेवला आणि रोग्याला जाड कपडे घातले. शिवाय मोठ्या साध्या कॉन्टॅक्टरची किंमत कपॅसिटर ड्युटीच्या जवळ जाते, मग वाचवलं काय?

जुने पॅनलवाले केबलला चार-पाच वेटोळे देऊन झटका कमी करायचे. त्यामागे शास्त्र आहे, वेटोळ्याने थोडा अडथळा तयार होतो. पण योग्य कॉन्टॅक्टर बाजारात सहज मिळत असताना नवीन पॅनलमध्ये त्या जुगाडावर विसंबायचं कारण मला दिसत नाही.

साधा कॉन्टॅक्टर कुठे चालतो?

एकच बाजू सांगणं बरोबर नाही. काही ठिकाणी साधा कॉन्टॅक्टर चालतो, तेही सांगतो.

पहिलं, एका मोटरला एकच कपॅसिटर थेट तिच्या टर्मिनलवर जोडला असेल आणि तो मोटरच्याच स्टार्टरने चालू-बंद होत असेल, तर तिथे वेगळा कपॅसिटर ड्युटी कॉन्टॅक्टर लागत नाही. अट अशी की कपॅसिटर बेताचा हवा. त्याचा करंट मोटरच्या नो-लोड करंटच्या 90 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि ड्राइव्ह किंवा सॉफ्ट स्टार्टर असेल तर त्याच्या मोटरकडच्या बाजूला कपॅसिटर कधीच जोडायचा नाही.

दुसरं, पॅनलमध्ये कपॅसिटरसोबत सिरीजमध्ये रिअॅक्टर लावलेला असेल, ज्याला डीट्यून्ड पॅनल म्हणतात, तर तो रिअॅक्टरच झटका अडवतो. तिथे योग्य रेटिंगचा साधा कॉन्टॅक्टरही चालू शकतो. पण ते पॅनल डिझाइन करणाऱ्याने लेखी द्यावं, तोंडी नाही.

तिसरं, लोड सेकंदासेकंदाला वरखाली होत असेल, जसं की मोठं स्पॉट वेल्डिंग, तर कुठलाच कॉन्टॅक्टर नको. तिथे थायरिस्टर स्विचिंग बघा.

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक दालमिल, जिनिंग, ऑइल मिलचं साधं एपीएफसी पॅनल या तिन्हीत बसत नाही. म्हणून नियम तोच: कपॅसिटर ड्युटी.

चुकीचा कॉन्टॅक्टर बसला तर मालकाचं काय जातं?

पॉइंट चिकटले की कंट्रोलरने ‘बंद’ म्हटलं तरी स्टेप चालूच राहते. रात्री मिल बंद, कपॅसिटर चालू. 25 केव्हीएआरची एक स्टेप रात्री बारा तास अडकली तर 300 केव्हीएआर-तास लीडची नोंद. केव्हीएएच बिल असेल तर ही रिकामी युनिटं तुमच्या नावावर चढतात. जिनिंगचा तर अर्धं वर्ष ऑफ सीझन असतो. कापूस नाही, मजूर नाही, गेटला कुलूप, आणि आत एक कपॅसिटर चोवीस तास बिल वाढवतोय. मालक म्हणतो, “काहीच चालू नव्हतं, मग बिल कसलं?”

उलटंही होतं. तीनपैकी एक पॉइंट जळून जातो. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर स्टेप चालू दिसते, पण कपॅसिटर अर्धवटच काम करतो. पॉवर फॅक्टर पडतो, आणि मालकाला वाटतं कपॅसिटर खराब झाला. तो कपॅसिटर बदलतो, मूळ आजार तसाच. पुन्हा सहा महिन्यांनी तेच.

आणि तिसरी गोष्ट आगीची. ठिणग्या मारणारा, तापलेला कॉन्टॅक्टर आणि हवेत उडणारी रुई, या दोन गोष्टी एका शेडमध्ये असू नयेत. यावर जास्त लिहायची गरज नाही. खामगाव-मलकापूर पट्ट्यातल्या माणसाला कापसाची आग काय असते हे सांगावं लागत नाही.

एक सूचना कपॅसिटर ड्युटी कॉन्टॅक्टर बसवणाऱ्यांनाही. आपल्याकडे व्होल्टेज पडतं. कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही तर मुख्य पॉइंट नीट बसत नाहीत, आणि मग क्षणभरासाठी बनवलेल्या त्या रेझिस्टन्स वायरमधून सतत करंट जातो. ती तापते, जळते. वेटोळी काळी पडलेली दिसली तर समजा काहीतरी बिघडलंय. काही जण ती जळकी वायर कापून टाकतात आणि कॉन्टॅक्टर तसाच चालवतात. मग तो नावाचाच कपॅसिटर ड्युटी राहिला, कामाने साधाच.

आता कागदावर काय करायचं?

तुमच्यापैकी बरेच जण पीएमईजीपी किंवा बँकेच्या लोनवर युनिट टाकणार. प्रोजेक्ट रिपोर्टला कोटेशन जोडावं लागतं, आणि आपण तीन कोटेशन मागवून सगळ्यात कमी रक्कम उचलतो. पण ‘एपीएफसी पॅनल, 1 नग’ असं तिघांनी लिहिलं तर तुम्ही नेमकी कशाची तुलना केली? एकाने साधे कॉन्टॅक्टर धरलेत, दुसऱ्याने कपॅसिटर ड्युटी. कमी रक्कमवाला स्वस्त नाही, त्याने माल वेगळा दिलाय.

म्हणून कोटेशन मागतानाच या गोष्टी लिहून मागा:

1. एकूण किती केव्हीएआर आणि स्टेप कशा विभागल्यात.
2. प्रत्येक स्टेपचा कॉन्टॅक्टर: कंपनी, मॉडेल, एसी-6बी, केव्हीएआर रेटिंग.
3. कपॅसिटरची कंपनी आणि व्होल्टेज रेटिंग.
4. रिअॅक्टर आहे की नाही.
5. स्टेप बंद झाल्यावर पुन्हा चालू होईपर्यंतचा वेळ कंट्रोलरमध्ये किती ठेवणार. भरलेल्या कपॅसिटरवर पुन्हा सप्लाय पडू नये, त्याला डिस्चार्ज व्हायला साधारण मिनिटभर तरी द्यावा लागतो. कपॅसिटर कंपनीने जास्त सांगितला असेल तर तो धरा.

आता किमतीचं बघा. समजा एका कॉन्टॅक्टरमागे हजार रुपयांचा फरक पडला. सहा स्टेपचे झाले सहा हजार. लाखोंच्या प्रोजेक्टमध्ये ही रक्कम कुठेही बसते. आणि वर बघितलं तसं, पॅनल नीट चाललं तर तासाला 47 केव्हीएएच वाचतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि सहा हजार किती दिवसांत वसूल होतात ते स्वतः काढा. मी आकडा सांगण्यापेक्षा तुम्ही काढलेला तुमच्या लक्षात राहील.

पॅनल बसल्यावर महिन्यातून एकदा परवानाधारक वायरमनकडून टाँग टेस्टरने प्रत्येक स्टेपचे तिन्ही फेजचे करंट मोजून घ्या. 25 केव्हीएआरला तिन्ही फेजला साधारण 35 अँपिअर यायला पाहिजे. एका फेजला शून्य आला तर आधी फ्यूज आणि कॉन्टॅक्टर बघा. स्टेप बंद असताना करंट दिसला तर पॉइंट चिकटलेत. वहीत तारीख टाकून लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

जे इलेक्ट्रिकलचं दुकान किंवा पॅनलचा धंदा टाकणार आहेत, त्यांच्यासाठी

काउंटरवर माणूस येतो आणि म्हणतो, “40 अँपिअरचा कॉन्टॅक्टर द्या.” आपण काढून देतो, पैसे घेतो, विषय संपला. माझं म्हणणं आहे, एक प्रश्न विचारायची सवय लावा: “दादा, कशासाठी पाहिजे?” मोटरसाठी असेल तर एसी-3 द्या. कपॅसिटरसाठी असेल तर केव्हीएआर विचारा, फरक दोन वाक्यांत सांगा, आणि बिलावर ‘कपॅसिटर ड्युटी’ असं स्पष्ट लिहा. तरीही त्याने साधाच मागितला तर तेही बिलावर लिहा.

तुम्ही म्हणाल, दुकानदार महागडा माल विकायला हे सांगतोय. शंका घ्या, घ्यायलाच पाहिजे. म्हणून तर वर डब्यावरच्या खुणा सांगितल्या आणि साधा कुठे चालतो तेही सांगितलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, डबा वाचा. पण धंद्याचं गणित असं आहे: साधा कॉन्टॅक्टर विकून एकदा नफा होतो, आणि सहा महिन्यांनी तो जळला की गिऱ्हाईक त्याच तालुक्यात दुसरं दुकान शोधतं. चिखली काय, मेहकर काय, नांदुरा काय, आपली गावं लहान आहेत. इथे नाव खराब व्हायला जाहिरात लागत नाही.

ज्यांचं पॅनल आधीच बसलेलं आहे, त्यांनी या आठवड्यात एवढंच करा. वायरमनला बोलवा, सप्लाय बंद करून घ्या, कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला पाच मिनिटं थांबा, आणि प्रत्येक कॉन्टॅक्टरवर काय लिहिलंय त्याचा फोटो काढा. एसी-3 दिसला आणि रिअॅक्टर नसेल, तर पॅनलवाल्याला फोन करून विचारा, “हा इथे का बसवला?” उत्तर पटलं नाही तर बदलायचा खर्च सीझन सुरू व्हायच्या आधीच करून टाका.